लाव्याच्या अंड्याला ऊब कुणी द्यावी?

बडोद्याच्या जुन्या शहराची आखणी सोंगट्यांच्या पटासारखी आहे. मध्यावर मांडवी, आणि तिथून चार दिशांना गेलेल्या चार रस्त्यांच्या टोकांशी चार दरवाजे : उत्तरेस चांपानेर, पूर्वेस पाणीदरवाजा, दक्षिणेस गेंडी आणि पश्चिमेस लहरीपुरा. लहरीपुऱ्याच्या कमानीतून बाहेर पडले की समोर १८९६ साली उभी राहिलेली न्यायमंदिराची वास्तू दिसते, आणि सुरसागरही तेथून जवळच आहे. या शहराला पक्ष्यांचे वेड नवे नाही. १८५६ ते १८७० या काळात गादीवर असलेल्या खंडेराव महाराजांचा कबुतरांचा नाद प्रसिद्धच आहे. त्यांनी कबुतरांच्या एका जोडप्याचे लग्न राजेशाही थाटाने लावल्याची कथा आजही बडोद्यात सांगितली जाते. वधूवरांचा शेवट मांजराच्या तोंडी झाला असे त्या कथेचे तात्पर्य सांगणारेही आहेत; परंतु कथेला तात्पर्य असलेच पाहिजे असा नियम नाही.

अशा या लहरीपुऱ्यातील एखाद्या हौशी गृहस्थाने दोन डझन जपानी लाव्यांची अंडी घरी आणली आहेत अशी कल्पना करावी. अंडी चिमुकली, जेमतेम दहा ग्रॅम वजनाची, पिवळट कवचावर तपकिरी-काळे शिंतोडे उडालेली. गृहस्थापुढे आता एकच प्रश्न उभा राहतो : ही अंडी उबवावयाची कशात? बाजारात उबवणीच्या यंत्रांचे नाना प्रकार आहेत. कुणी थर्मोकोलच्या डब्याची शिफारस करतो, कुणी पंखेवाल्या पेटीची, कुणी म्हणतो की खुडूक कोंबडी मिळाली तर यंत्र हवेच कशाला? वरवर पाहता हा दुकानदाराने सोडवावयाचा प्रश्न आहे. परंतु त्याच्या मुळाशी दोन जुने इतिहास आहेत, एक पक्ष्याचा आणि एक यंत्राचा. आणि ते दोन्ही ठाऊक नसल्यामुळेच नवशिक्याच्या हातून पहिल्या खेपेस कवचातच मेलेल्या पिल्लांचा ढीग पदरी येतो.

प्रथम पक्ष्याविषयी. लावा हा भारताला अतिशय जुना ओळखीचा पक्षी होय. ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या उपकारांची जी यादी पुनःपुन्हा येते, तीत लांडग्याच्या जबड्यातून त्यांनी सोडविलेल्या वर्तिकेचा, म्हणजे लावीचा, उल्लेख आहे. वर्तिका म्हणजे उषा आणि लांडगा म्हणजे अंधार, असा अर्थ पुढच्या काही पंडितांनी लावला. लावला तर लावो. पण रूपक करण्यासाठीसुद्धा पक्षी डोळ्यांसमोर असावा लागतो. चरकसंहितेने लाव्याची गणना विष्किर गणात केली, म्हणजे पायांनी उकरून, विखरून दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांत. ज्याने लाव्यांना धुळीत पाय मारताना पाहिले आहे, त्याला हे वर्गीकरण किती नेमके आहे हे सांगावयास नको.

याहून विस्ताराने लाव्याची दखल घेणारा ग्रंथ म्हणजे कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा मानसोल्लास. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील हा ग्रंथ मराठी वाचकाला ठाऊक असतो तो मुख्यतः ओवीच्या प्राचीन उल्लेखामुळे. परंतु राजाने आपला वेळ कसा घालवावा हे सांगणाऱ्या त्यातील विनोदविंशतीत कुक्कुटविनोद, मेषविनोद, पारावतविनोद यांच्या पंक्तीला लावकविनोद नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. विनोद म्हणजे येथे थट्टा नव्हे, मनोरंजन; आणि लाव्याचे मनोरंजन म्हणजे झुंज. हा सबंध ग्रंथ विद्वानांच्या हाती आला तो बडोद्यातूनच. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन कृष्ण श्रीगोंदेकरांनी त्याचे संपादन केले; पहिला खंड १९२५ साली, दुसरा १९३९ साली आणि तिसरा १९६१ साली प्रसिद्ध झाला. लहरीपुऱ्यातील आपल्या गृहस्थाला सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाचे लाव्यांविषयीचे प्रकरण वाचावयाचे झाले, तर त्यासाठी त्याला शहराबाहेर पाऊल टाकण्याचे कारण नाही.

पुढच्या काळात बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील लाव्यांच्या जाती नोंदविल्या, आणि लखनौच्या नबाबी अमदानीत बटेरबाजी हा तर एक शास्त्रशुद्ध शोक होऊन बसला. बटेर मुठीत धरून तासन्‌तास कुरवाळण्याचा, त्याला भूक आणि खुराक मोजून देण्याचा आणि मग ऐन वेळी झुंजीस सोडण्याचा तो सोहळा जुन्या लखनौची वर्णने लिहिणाऱ्यांनी रंगवून सांगितला आहे.

आता या सगळ्या इतिहासात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. भारतीयांनी लावा पकडला, खाल्ला, झुंजविला, औषधात घातला; त्याची अंडी मात्र घरी उबविली नाहीत. तशी गरजच नव्हती. पेरणीच्या नि सुगीच्या दिवसांत शेतात जाळे टाकले की हवे तेवढे लावे मिळत. कोंबडी माणसाच्या अंगणात आली, तिने अंगणातच अंडी घातली आणि तेथेच ती खुडूक बसली. लावा तसा कधी अंगणात आला नाही. ज्याला इंग्रजी अमलातले शिकारीही हजारोंच्या संख्येने टिपत असत, तो पक्षी शेवटपर्यंत रानाचाच राहिला. आज रानातल्या लाव्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा हौसेखातर शेताच्या बांधावरील घरट्यातून अंडी उचलून आणणे हा गुन्हा आहे, हे नवशिक्याने प्रथमच ध्यानात ठेवावे.

लाव्याला घरचा पक्षी केला तो जपान्यांनी, आणि तोही प्रथम त्याच्या आवाजासाठी. जपानी लावा ही आपल्या शेतातील लाव्याची चुलत जात. तिच्या नराची साद ऐकण्यासाठी जपानातील सरदार-दरकदार त्याला नक्षीदार पिंजऱ्यात पाळीत. सादेच्या चढाओढी लावीत. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र या गायकाचे रूपांतर अंडी देणाऱ्या पक्ष्यात करण्यात आले. अधिक अंडी देणाऱ्या माद्या निवडावयाच्या, त्यांचीच वीण वाढवावयाची, असे काही दशके चालले. पुढे आले दुसरे महायुद्ध. माणसांनाच धान्य मिळेना तेथे पिंजऱ्यातील पाखरांना कोण दाणे घालणार? गाणाऱ्या लाव्यांचे वाण त्या काळात साफ नाहीसे झाले, अंड्यांसाठी जोपासलेल्या वाणांपैकीही थोडेच पक्षी उरले. युद्धानंतर त्या उरल्यासुरल्या पक्ष्यांपासून जपानने आपला व्यवसाय पुन्हा उभा केला. कित्येक पिढ्यांनी ज्या सादेसाठी तो पक्षी पाळला ती साद गेली आणि अंडे तेवढे राहिले, ही घटना या पक्ष्याच्या इतिहासात विसरण्यासारखी नाही.

आणखीही एक गोष्ट गेली, आणि आपल्या प्रश्नाशी तिचाच खरा संबंध आहे. खुडूक बसलेली मादी अंडी देणे थांबविते. म्हणून अधिक अंड्यांसाठी निवड करणाऱ्याने, नकळत का होईना, खुडूक न बसणाऱ्या माद्यांची निवड केली. पिढ्यांमागून पिढ्या असे घडत गेल्यावर पिंजऱ्यातील जपानी लावी आपल्या अंड्यांवर बसावयाचे बहुधा विसरूनच गेली. ती अंडे घालते आणि निघून जाते. कित्येकदा दाणे टिपता टिपता वाटेतच घालते. कोंबडीपालनात यंत्र ही सोय आहे. जपानी लाव्याच्या बाबतीत यंत्र ही आई आहे, आणि ती नसेल तर पुढची पिढीच नाही.

भारतात हा पक्षी आला तो १९७४ साली, अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रातून. तेथील संशोधकांनी १९६० च्या आसपास हा लहानसा, सहा-सात आठवड्यांत वयात येणारा पक्षी कुक्कुटशास्त्रातील प्रयोगांसाठी फार सोयीचा असल्याचे दाखवून दिले होते. उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे त्याची वीण सुरू झाली. १९७९ साली तेथेच केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली, आणि तिने या पक्ष्याचे निरनिराळे वाण तयार करून देशभर पोहोचविले. म्हणजे लहरीपुऱ्यातील त्या दोन डझन अंड्यांची वंशावळ जपान, कॅलिफोर्निया आणि इज्जतनगर अशी फिरून आलेली आहे, आणि या सबंध प्रवासात एका पिढीतून दुसरीकडे जाताना प्रत्येक वेळी मध्ये यंत्र आहे.

आता यंत्राचा इतिहास. आईवाचून अंडी उबविण्याची कला मिसर देशात इतकी जुनी आहे की ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात तिचा उल्लेख केला आहे. नाईल नदीच्या खोऱ्यात मातीच्या विटांच्या भट्ट्या असत. मधोमध बोळ आणि दोहो बाजूंना दुमजली खोल्या. खालच्या मजल्यावर हजारो अंडी, वरच्या मजल्यावर शेणी आणि भुसकटाचा मंद धुमसता विस्तव. सुमारे दहा दिवसांनी विस्तव विझवीत, कारण तोवर अंड्यांतील वाढत्या जीवांची स्वतःचीच ऊब भट्टीला पुरी पडू लागे. थर्मामीटर नव्हता. उबवणारा कारागीर अंडे उचलून आपल्या पापणीला लावी आणि त्या स्पर्शावरून विस्तव वाढवावा की कमी करावा हे ठरवी. ही विद्या काही गावांतील घराण्यांत बापाकडून मुलाकडे जाई. गावकऱ्यांनी तीन अंडी दिली की कारागिराने दोन पिल्ले परत करावीत, असा व्यवहार प्रवाशांनी नोंदविला आहे. आज वीज, पंखा आणि अंकांची चकाकती पाटी असलेल्या यंत्रातूनही नवशिक्याच्या पदरात तीन अंड्यांमागे दोन पिल्ले पडली तर त्याने देवाचे आभार मानावेत, हे येथे सहज सांगून ठेवण्यासारखे आहे.

युरोपला ती पापणी उसनी घेता आली नाही. म्हणून त्याने तिच्या जागी यंत्र बसविण्याचा ध्यास घेतला. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच कारागिराने एक विलक्षण भट्टी बनविली. तीत मद्यार्क आणि पारा यांनी भरलेली नळी होती. उष्णता वाढली की द्रव फुगे, पारा सरके, आणि त्याच्या जोराने विस्तवाची हवा कोंडणारी झडप आपोआप मिटे. थंडावा आला की ती पुन्हा उघडे. माणसाने न पाहता यंत्राने स्वतःच स्वतःला आवरावे, या कल्पनेचा हा फार जुना नमुना आहे, आणि ज्या कामांसाठी तो योजिला गेला त्यांत अंडी उबविणे हे एक होते.

यानंतर फ्रान्समध्ये रोमूर अवतरला. निसर्गशास्त्रज्ञ म्हणून तो विख्यात होता, आणि १७३० साली त्याने स्वतःच्या नावाचा थर्मामीटरही तयार केला होता. मिसरच्या भट्ट्यांची माहिती मिळवून त्याने घोड्याच्या लिदीच्या उष्णतेवर पिंपांत अंडी उबविण्याचे प्रयोग केले आणि १७४९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. लिदीतील वाफ आणि दूषित हवा कवचातून आत शिरून जीव मारतात हे त्याला अनुभवाने कळले. अंड्याला उष्णतेइतकीच शुद्ध हवा लागते हा धडा तेथून पुढे आला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रयत्नांना भराभर फळे आली. पॅरिसमधील प्रसूतितज्ञ स्तेफान तार्निये याने १८७८ साली तेथील प्राणिसंग्रहालयातील कोंबड्यांची उबवणपेटी पाहिली आणि दोन-तीन वर्षांतच तशाच धर्तीच्या पेटीत अपुऱ्या दिवसांची मानवी अर्भके ठेवली जाऊ लागली. आज प्रसूतिगृहातील काचेच्या पेटीपुढे उभ्या असलेल्या पित्याला तिचे मूळ कोंबडीच्या खुराड्यात आहे हे बहुधा ठाऊक नसते. इंग्लंडमध्ये १८८१ साली चार्ल्स हीअर्सनने उष्णतेवर ताबा ठेवणारी पितळी डबी काढली. त्या डबीत ठराविक उष्णतेला उकळणाऱ्या द्रवाचे काही थेंब असत. हवी ती उष्णता आली की ते थेंब वाफ होऊन डबी फुगवीत, डबी एक दांडी उचली, दांडी दिव्यावरचे झाकण सरकवी आणि जादा उष्णता वर निघून जाई. वर पाण्याची टाकी असे; दिवा घटकाभर विझला तरी ते पाणी अंड्यांना ऊब देत राही. ही टाकी श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेटालुमा गावी १८७९ मध्ये लायमन बाइस व आयझॅक डायस यांनी उबवणी यंत्र तयार केले, आणि थोड्याच दशकांत ते गाव जगाची अंड्यांची टोपली म्हणून ओळखले जाऊ लागले. १९१८ साली सॅम्युएल स्मिथ या डॉक्टराने पंख्याने हवा खेळविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. हा बदल दिसावयास लहान, परिणामाने प्रचंड. तोवरच्या पेटीत गरम हवा वर चढे आणि थंड हवा खाली बसे; म्हणून अंड्यांचा एकच थर ठेवता येई. पंख्याने सर्व कोपऱ्यांत सारखी उष्णता नेताच थरावर थर रचता येऊ लागले. लवकरच विजेची यंत्रे आली, आणि आपल्याकडेही सरकारी उबवणी केंद्रे आणि नंतर मोठ्या खाजगी हॅचऱ्या उभ्या राहिल्या. त्यांच्या वाढीचा वृत्तान्त हा निराळा विषय आहे.

एवढा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून आता लहरीपुऱ्यातील गृहस्थासह दुकानात शिरावे. त्याच्यापुढे दोन मुख्य जातींच्या पेट्या आहेत : पंख्यावाचूनची, जिला स्थिर हवेची म्हणता येईल, आणि पंख्याची. पहिली स्वस्त असते. परंतु तिच्यात तळाशी एक उष्णता आणि वर दुसरी असते; म्हणून थर्मामीटरचा फुगा अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर ठेवून तेथे सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस राखावे लागते. फुगा बोटभर वर किंवा खाली गेला की सारा हिशेब चुकतो. लाव्याचे अंडे लहान, ते लवकर तापते आणि लवकर निवते. कोंबडीच्या अंड्याला सोसणारी चूक त्याला सोसत नाही. पंख्याच्या पेटीत सर्वत्र ३७.५ अंश ठेवले की पुरते. म्हणून नवशिक्याने पैसे वाचवावयाचे असतील तर इतरत्र वाचवावेत. पंखा मात्र सोडू नये.

दुसरी गोष्ट ताब्याची. हीअर्सनच्या डबीची जागा प्रथम दोन धातूंच्या पट्टीने आणि नंतर इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅटने घेतली. आजच्या पेट्यांवर दशांशापर्यंतचा आकडा लुकलुकतो, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याचा मोह अनावर असतो. तो आकडा खरा असेलच असे नाही. घरातला ताप मोजण्याचा थर्मामीटर या कामी उत्तम साक्षीदार ठरतो, कारण नेमक्या याच अंशांच्या आसपास तो अचूक असतो. अंडी न घालता पेटी एक दिवस-रात्र रिकामी चालवावी, तो थर्मामीटर आत ठेवून आकडे ताडून पाहावेत आणि मगच अंडी मांडावीत. ज्या पेटीत अंशाचे दशांश स्वतः सुधारता येत नाहीत ती घेऊ नये, मग तिचे खोके कितीही देखणे असो.

तिसरी गोष्ट अंडी फिरविण्याची. आई चोचीने अंडी सतत हलविते. तसे न झाल्यास आतला गर्भ कवचाला चिकटून मरतो. पहिले चौदा दिवस दिवसातून निदान तीन वेळा अंडी फिरवावी लागतात. हाताने फिरवावयाची तर एका बाजूस पेन्सिलीने खूण करावी, आणि विषम संख्येने फिरवावीत, म्हणजे लांब रात्र प्रत्येक वेळी एकाच कुशीवर जात नाही. नोकरीधंद्याच्या माणसाला हे जमत नाही, म्हणून तो आपोआप फिरविणारी पेटी मागतो. ते योग्यच आहे. मात्र येथे एक फसगत हटकून होते. बहुतेक पेट्यांतील खण कोंबडीच्या अंड्यांच्या मापाचे असतात. लाव्याची अंडी त्यांत लोळतात, कलंडतात, एकमेकांवर आपटतात, आणि खण हलला तरी अंडे नीट फिरत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी लाव्याच्या मापाचे खण सोबत आहेत की नाहीत हे डोळ्यांनी पाहावे, ‘मिळतील नंतर’ या आश्वासनावर विसंबू नये.

चौथी गोष्ट ओलाव्याची, आणि येथे बडोद्याचे हवामान आडवे येते. उबवणीत अंड्याचे वजन एकअष्टमांशाच्या आसपास घटले पाहिजे; आतले पाणी तेवढे बाहेर गेले म्हणजे पिल्लाला पहिला श्वास घेण्याइतकी हवेची जागा बोथट टोकाशी तयार होते. वैशाखातील कोरड्या हवेत ते फार लवकर आटते, श्रावणात आटतच नाही. पहिले पंधरा दिवस पन्नास-साठ टक्के आर्द्रता आणि शेवटच्या तीन दिवसांत सत्तरच्या आसपास, हे कोष्टक सर्वत्र छापलेले असते. परंतु पावसाळ्यात पेटीतल्या पाण्याच्या दोन्ही पन्हळी भरून ठेवणारा माणूस कोष्टक पाळीत नसून पिल्ले बुडवीत असतो. खरा निवाडा अंड्याच्या वजनात असतो. सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा अंश दाखविणारा छोटा काटा घरी असला आणि दर तीन-चार दिवसांनी मोजकी अंडी तोलली, तर दुसऱ्या कुठल्याही उपकरणाची तितकीशी गरज उरत नाही. लाव्याच्या कवचावर डाग असल्याने अंडे उजेडापुढे धरून आतले पाहणे कठीण जाते. म्हणून तर काट्याचे महत्त्व अधिक.

उन्हाळ्याविषयी आणखी एक इशारा द्यावयास हवा. या पेट्यांना तापविता येते, थंड करता येत नाही. खोलीतच चाळीस अंश झाले की थर्मोस्टॅट हात जोडून बसतो आणि अंडी शिजू लागतात. बडोद्यात मे महिन्यात असे दिवस येतात. पत्र्याखालच्या माळ्यावर पेटी ठेवून मे महिन्यात श्रीगणेशा करणाऱ्याला कितीही महागडे यंत्र तारू शकणार नाही. तळमजल्यावरची जाड भिंतींची खोली, आणि हंगाम दिवाळीनंतरचा किंवा माघ-फाल्गुनाचा, हेच त्याने निवडावे. जुन्या शहरातील वाड्यांच्या भिंती या कामी आधुनिक यंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

विजेचेही तसेच. वीज गेली तर थर्मोकोलची जाड भिंत ऊब धरून ठेवते; पातळ प्लॅस्टिकची पारदर्शक घुमटी, जिच्यातून सारे सुरेख दिसते, ती अर्ध्या तासात थंड पडते. येथे हीअर्सनच्या टाकीची आठवण करावी. गरम पाण्याच्या दोन बाटल्या पेटीत जेथे जागा असेल तेथे ठेवल्या की हे जुने तत्त्वच नव्याने कामास येते. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारी पेटी घ्यावी; खेड्यापाड्यांत ती आता मिळते.

खुडूक कोंबडीचे काय? घरी हलक्या अंगाची गावरान कोंबडी असेल तर ती लाव्याची अंडी उबवू शकते. पण ती एकवीस दिवसांच्या हिशेबाने बसते आणि लावा सतराव्या-अठराव्या दिवशीच बाहेर येतो. शिवाय सहा-सात ग्रॅमच्या त्या पिल्लांना तिचा एक पायही पुरे होतो. हौस म्हणून एकदा करून पाहावे, भरवसा ठेवू नये.

पेटीच्या आकाराविषयी मात्र मत स्पष्टच सांगितले पाहिजे. दुकानदार मोठी पेटी पुढे करतो, आणि अंड्यामागे पडणारी किंमत तिच्यात खरोखरच कमी असते. परंतु नवशिका शंभर अंडी एका वेळी घालतो ती सात दिवसांच्या आतली नसतातच. साठविलेली, शिळी, निरनिराळ्या वयांची अशी मिसळ होते आणि पिल्ले चार दिवस रेंगाळत निघतात. तीस-चाळीस अंड्यांची पेटी पहिल्या वर्षास पुष्कळ झाली. शिवाय पिल्ले निघाल्यावर त्यांना पहिला आठवडाभर पस्तीस-छत्तीस अंशांची ऊब, खरखरीत बिछायत आणि खडे घातलेले पाण्याचे उथळ ताट लागते. गुळगुळीत कागदावर त्यांचे पाय फाकतात ते पुन्हा सरळ होत नाहीत, आणि खोल ताटात ती बुडून मरतात. यंत्रावर सगळे पैसे घालविणाऱ्याजवळ या गोष्टींसाठी काही उरत नाही, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

या पिल्लांनी माणसाच्या हातची ऊब कुठवर नेली, तेही सांगितले पाहिजे. २२ मार्च १९९० रोजी सोव्हिएत अवकाशस्थानक मीरवरील उबवणपेटीत जपानी लाव्याचे पिल्लू कवच फोडून बाहेर आले. यंत्राने आपले काम चोख केले होते. पण वजनरहित अवस्थेत त्या पिल्लांना पाय टेकावयास जमीन सापडेना, दाणा टिपता येईना.

राहता राहिले शेवटचे तीन दिवस. पंधराव्या दिवशी अंडी फिरविणे थांबवून ती खणांतून काढतात आणि खरखरीत जाळीवर मोकळी ठेवतात. येथे बहुतेक नवशिके ती सुटी सुटी, नीटनेटक्या रांगांत मांडतात. केंब्रिजच्या मार्गारेट व्हिन्स यांनी १९६० नंतरच्या दशकात या पक्ष्यांच्या अंड्यांवर फार बारकाईने प्रयोग केले. बाहेर येण्यापूर्वी पिल्लू कवचात श्वासाबरोबर टिक् टिक् असा आवाज करते, आणि शेजारच्या अंड्याला तो स्पर्शातून पोहोचतो, असे त्यांना आढळले. मागे पडलेले पिल्लू तो ऐकून घाई करते, आणि साऱ्या घरट्यातील पिल्ले काही तासांच्या अंतराने एकदमच बाहेर पडतात. रानातल्या लावीला पिल्ले घेऊन ताबडतोब निघावयाचे असते, म्हणून ही योजना. आईचे बसणे हा पक्षी विसरला असला तरी कवचातील ही बोलाचाली तो विसरलेला नाही. तेव्हा अंडी एकमेकांना लागून, खेटून ठेवावीत, पेटीचे झाकण लावावे आणि पहिला टिक् ऐकू आल्यापासून शेवटचे पिल्लू कोरडे होईपर्यंत ते कुणाच्याही आग्रहाने उघडू नये.